नातवंडांसाठी इलेक्ट्रिक टूथब्रश घेताना: तो धरणार कोण, ते आधी ठरवा

माझी नात साडेसहा वर्षांची आणि नातू साडेतीनचा. मुलगा-सून दोघंही सातपूरला कंपनीत, पाळ्या बदलत्या. त्यामुळे मुलांचे सकाळ-रात्रीचे दात घासून देणं माझ्याकडे आहे आणि मी ते मनापासून करते. नोकरीची सगळी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवण्यात गेली. पुढचे दात किडून नुसते काळे खुंट उरलेली मुलं दर वर्षी वर्गात असायची. दाढ ठणकत असली की मूल गाल धरून बाकावर डोकं टेकून बसायचं. त्या दिवशी त्याचं ना फळ्याकडे लक्ष, ना पोषण आहाराच्या खिचडीकडे. "दुधाचेच दात, पडणारच आहेत" असं पालक म्हणायचे तेव्हा जीव तुटायचा. दुधाची शेवटची दाढ पडेपर्यंत मूल दहा-बारा वर्षांचं होतं. तोवर भाकरी त्याच दाढांनी चावायची असते.

इलेक्ट्रिक ब्रशचा विचार माझ्या अंगठ्यामुळे सुरू झाला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा दुखतो. साध्या ब्रशने हिरडीलगत बारीक गोल फिरवत दोन मुलांचे दात दोन वेळा घासले की रात्री पोळी लाटताना लाटणं धरवत नाही. सून म्हणाली, "आई, इलेक्ट्रिक बघू या. फिरायचं काम तो करेल, तुम्ही नुसता धरा." मग मी दुकानं पाहिली, लेकीकडचा वापरून पाहिला, नातवंडांच्या दातांच्या डॉक्टर मॅडमना विचारलं आणि शेवटी एक घेतला. तो आता बरेच महिने वापरात आहे, म्हणून लिहिते.

दुकानात गेलात की हे सगळे ब्रश मुलांच्या नजरेच्या उंचीवर टांगलेले दिसतील. एकावर राजकन्या, एकावर कोळी-माणूस, एकात दिवा लागतो, एक गाणं म्हणतो. मूल बोट दाखवतं आणि आपण तोच उचलतो. पण मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश मोठ्यांनी फिरवायचा असतो किंवा निदान मुलाच्या हातावर आपला हात ठेवायचा असतो, हे कुठलाही दंतवैद्य सांगेल. ज्या हाताला अजून शर्टाची बटणं नीट लावता येत नाहीत, त्याला मागच्या दाढेची आतली बाजू कशी साधणार? म्हणून ब्रश निवडायचा तो धरणाऱ्या मोठ्या माणसाच्या हाताला बघून. ब्रशची मूठ कशी आहे, हेड (ब्रिसल्स असलेलं, बदलता येणारं टोक) किती लहान आहे, बटण ओल्या अंगठ्याने दाबलं जातं का, नवीन हेड कुठे मिळतं. चित्र मुलाने निवडावं, बाकी सगळं आपण.

मी घेतला तो ओरल-बीचा मुलांचा रिचार्जेबल. तीन वर्षांपासून पुढे चालतो असं खोक्यावरच लिहिलंय. त्याचं हेड गोल आणि छोटं, साधारण आपल्या करंगळीच्या नखापेक्षा जरा मोठं, आणि ते अर्धं इकडे अर्धं तिकडे असं झपाझप फिरतं. दात एकेक करून घ्यायचा. दातावर टेकवायचं, मनात दोन-तीन आकडे मोजायचे, पुढच्या दातावर सरकायचं. घासायचं नाही, दाबायचं नाही. पहिल्या दिवसांत माझा हात जुन्या सवयीने मागे-पुढे करू पाहायचा, तो थांबवावा लागतो. एकदा हे बसलं की अंगठ्याला काम उरत नाही. मूठ जाड आहे, रबराची पकड आहे, त्यामुळे दुखऱ्या सांध्याला ती बारीक दांड्यापेक्षा कितीतरी सोसते. संधिवात असलेल्या आजी-आजोबांनी तर याचा जरूर विचार करावा; स्वतःच्या दातांसाठीसुद्धा.

लहान हेडचं मोल मला नातीच्या सहाव्या वर्षी कळलं. या वयात दुधाच्या सगळ्या दाढांच्या मागे, जबड्याच्या टोकाला, एक नवीन दाढ येते. तिच्यासाठी आधी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे बऱ्याच घरांत ती आल्याचं कळतच नाही, कळलं तरी ती दुधाचीच वाटते. ती कायमची दाढ. जन्मभर तीच. तिच्यावरच्या खाचा खोल असतात, ती अर्धी हिरडीखाली असताना शेजारच्या दाढेपेक्षा बुटकी असते, आणि साधा ब्रश वरच्या वर तिच्यावरून निघून जातो. लहान गोल हेड मात्र आडवं घातलं की नेमकं तिच्यावर बसतं. मी मोबाइलचा टॉर्च लावून आधी बघते, मग घासते, मग परत बघते. खाचेत अडकलेला बिस्किटाचा पांढरा लगदा निघालेला डोळ्यांना दिसतो. डॉक्टर मॅडमनी ही दाढ पूर्ण वर आली की तिच्या खाचा सीलंटने भरून घ्यायला सांगितलंय, तेही आम्ही करणार आहोत.

वरच्या दाढांची गालाकडची बाजू ही सगळ्यात अवघड जागा. आपण मुलाला "आ कर, अजून मोठा आ" म्हणत राहतो आणि तिथेच अडतं. तोंड पूर्ण उघडलं की जबड्याचं हाड पुढे सरकतं आणि गाल ताणून दाढेला चिकटतो. ब्रशला जागाच उरत नाही. उलट तोंड अर्धं मिटायला सांगा, जबडा जरासा त्याच बाजूला सरकवायला सांगा, मग गाल सैल पडतो आणि हेड अलगद आत जातं. हे मला मॅडमनी खुर्चीवर करून दाखवलं. साध्या ब्रशलाही हीच युक्ती लागू आहे. मी पलंगाच्या कडेला बसते, मूल माझ्याकडे पाठ करून गुडघ्यांच्या मध्ये उभं राहतं, डोकं मागे माझ्या पोटावर टेकवतं. असं केलं की वरचे दात सरळ दिसतात आणि डावा हात गाल बाजूला धरायला मोकळा राहतो.

आवाजाबद्दल. गोल फिरणाऱ्या ब्रशचा आवाज लहान मुलाला दचकवण्याइतका असतो, आणि तोंडात तो डोक्याच्या हाडातून जास्तच घुमतो. नातू सुरुवातीला तोंड घट्ट मिटून घ्यायचा. जबरदस्ती केली नाही. ब्रश बंद ठेवूनच काही दिवस घासलं. मग चालू करून त्याच्या नखावर टेकवला, त्याला गुदगुल्या झाल्या; मग त्याने माझ्या नखावर टेकवला; मग ओठावर, मग पुढच्या दोन दातांवर. मागच्या दाढांपर्यंत जायला वेळ लागला, पण आता तो स्वतःहून तोंड पुढे करतो. एक लक्षात ठेवा, ब्रश तोंडात गेल्यावरच बटण दाबायचं आणि बंद करूनच बाहेर काढायचा. नाहीतर पेस्ट आरशावर, भिंतीवर आणि आपल्या चष्म्यावर.

माझी लेक पुण्याला असते. तिच्या मुलाकडे, म्हणजे माझ्या मोठ्या नातवाकडे, फिलिप्सचा सोनिकेअर फॉर किड्स आहे. मे महिन्यात तिच्याकडे राहिले तेव्हा तो नीट पाहिला. याचं हेड गोल नाही, आपल्या नेहमीच्या ब्रशसारखं लांबट आहे, आणि ते फिरत नाही, थरथरतं. आवाज फिरणाऱ्यापेक्षा सौम्य, बारीक गुंजल्यासारखा. दोन वेग आहेत, एक मऊ आणि एक जोराचा. हेडही दोन मापांत मिळतं, चार वर्षांपुढचं आणि सात वर्षांपुढचं. नातू नऊ वर्षांचा, तो स्वतः घासतो आणि बऱ्यापैकी घासतो. चार्जिंग एकदा केलं की पुष्कळ दिवस जातं. माझं मत असं की मूल स्वतः ब्रश धरण्याच्या वयाचं असेल किंवा आवाजाला फार बिचकणारं असेल, तर हा जास्त बरा. आवाज, स्पर्श अजिबात सहन न होणारी मुलं असतात, माझ्या वर्गातही होती. त्यांच्या आईवडिलांनी तर आवाज ऐकल्याशिवाय ब्रश घेऊच नये. दुकानदाराला डेमो मागा. किंमत मात्र मुलांच्या ब्रशमध्ये वरच्या अंगाची आहे. साडेतीन वर्षांच्या तोंडात, मोठ्याच्या हाताने, एकेक दात घ्यायचा असेल तर मला गोल हेडच जास्त हुकमी वाटतं.

आता सेलवर चालणारे. पेन्सिल सेल घालायचा, काही शे रुपयांत मिळतो, मेडिकलमध्ये, डी-मार्टमध्ये, सगळीकडे. प्रवासाला किंवा मुलाला सवय लावायला ठीक. पण आमच्याकडे वाढदिवसाला आलेल्या एका अशा ब्रशमध्ये हेड बदलायची सोयच नव्हती. ब्रिसल्स फाकले की अख्खा ब्रश, मोटरसकट, कचऱ्यात. शिवाय सेल उतरत जातो तसा जोर हळूहळू कमी होतो आणि रोज वापरणाऱ्याला ते जाणवत नाही. आपण घासतोय असं वाटतं आणि दातावर नुसतं टेकवणं चाललेलं असतं. चमकणारे दिवे असलेल्या स्वस्त ब्रशमध्ये कधी कधी नाण्यासारखा चपटा बटण सेल असतो. त्याचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर तो ब्रश घरात आणू नका. बटण सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आतही आत गंभीर भाजू शकतं. गिळल्याची शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं, वाट बघत बसायचं नाही.

इंग्रजी यू अक्षरासारखे सिलिकॉनचे ब्रशही हल्ली मोबाइलवर सारखे दिसतात, तोंडात घालायचा आणि सगळे दात एकदम साफ. आमच्या शेजारणीने तो माझ्यापुढे धरला तेव्हा मी नातीच्या तोंडात नुसता बसवून पाहिला. मागच्या दाढांपर्यंत तो पोचला नाही, पुढे हिरडीपासून लांब राहिला. प्रत्येक मुलाचा जबडा वेगळा, साचा मात्र एकच. सिलिकॉनचे ते जाड खुंट हिरडीच्या कडेला, दोन दातांच्या फटीत शिरत नाहीत. मॅडमनीही स्पष्ट नको म्हणून सांगितलं. यावर पैसे घालवू नका.

पैशाचं गणित हेडपाशी असतं, ब्रशपाशी नाही. हेड साधारण तीन महिन्यांनी बदलायचं, ब्रिसल्स आधी फाकले तर आधी. दोन मुलं म्हणजे वर्षाला आठ हेड. एकाला अडीच-तीनशे रुपये धरले तरी वर्षाचे दोन हजारांच्या वर जातात, दर वर्षी. त्यामुळे ब्रश विचारण्याआधी दुकानदाराला विचारा, "याचं सुटं हेड आत्ता तुमच्याकडे आहे का?" नसेल, मागवून देतो म्हणाला, तर पुढे काय होणार ते आपल्याला माहीत आहे. इथे एक सोय आहे ती फार जणांना माहीत नसते. ओरल-बीची गोल हेड त्यांच्या बहुतेक रिचार्जेबल मुठींवर बसतात, व्हायटॅलिटीवर, प्रोवर. आयओ मालिकेवर मात्र बसत नाहीत. म्हणजे घरात आधीच मोठ्यांची व्हायटॅलिटी असेल तर नुसतं मुलांचं हेड आणा. आम्हीही दोन मुलांत एकच मूठ ठेवली आहे आणि हेड दोन. नातवाच्या हेडच्या दांड्याला मी लाल दोरा बांधलाय, नातीचं बिनदोऱ्याचं. अदलाबदल होता कामा नये.

चार्जरकडेही बघून घ्या, विशेषतः परदेशातून कुणी आणून देत असेल तर. सुनेचा भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याने मोठ्या हौशीने तिकडून एक ब्रश आणला होता. चार्जर उलटा केला तर बुडाशी बारीक अक्षरांत ११० ते १३० व्होल्ट. आपल्याकडे घरात २३०. तो आपल्या प्लगमध्ये लावला असता तर जळाला असता. पिन बदलणारा छोटा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १०० ते २४० असं लिहिलेलं असेल तर बिनधास्त लावा. अमेरिकेतल्या भावाबहिणींनी मुलांसाठी काही पाठवायचं ठरवलं तर सुटी हेड पाठवावीत, मूठ आणि चार्जर इथे घेतलेला बरा.

आमचं बेसिन पॅसेजमध्ये, तिथे प्लग नाही. चार्जर स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी असतो. चार्जरला उघडी पिन नसते, मूठ नुसती खुंटीवर उभी राहते आणि चार्ज होते, त्यामुळे ओल्या हाताची भीती कमी; तरी मी मूठ पुसूनच ठेवते. पूर्ण चार्ज व्हायला अख्खी रात्र द्यावी लागते. आणि हेड रोज काढून धुवा. मुठीच्या लोखंडी दांड्याभोवती पेस्ट आणि लाळ साचून काळा चिकट थर धरतो. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर त्यावर पांढरा क्षार बसतो आणि मग हेड निघतच नाही. जुन्या ब्रशने खरवडून, कोरडं करून ठेवायचं, एवढंच काम.

काही ब्रशसोबत मोबाइलचं अ‍ॅप येतं, मूल घासत राहील तसं चित्र उलगडत जातं वगैरे. मी ते वापरत नाही. एका हातात ब्रश, दुसऱ्यात गाल, मोबाइल कोण धरणार? दोन मिनिटं झाली की ब्रश स्वतःच सांगतो, तेवढं पुरतं. मी पाढे म्हणते. वर डावीकडे बेचा आणि तीनचा, सावकाश, वर उजवीकडे चारचा आणि पाचचा, मग खाली तसंच. चार कोपरे, प्रत्येकी अर्धा मिनिट. नात मनात म्हणते, तोंडातून ब्रश निघाला की अडलेला आकडा विचारते.

इलेक्ट्रिकने फरक पडतो का, हा प्रश्न मुलाने मला आधीच विचारला होता. २०१४ साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने जगभरच्या ५६ अभ्यासांचा एकत्रित आढावा काढला होता. दातावरचा चिकट थर साध्या ब्रशच्या मानाने पहिल्या एक ते तीन महिन्यांत ११ टक्के आणि तीन महिन्यांच्या पुढे २१ टक्के कमी आढळला, हिरड्यांची सूजही कमी झाली. सर्वांत जास्त पुरावा उलटसुलट फिरणाऱ्या गोल हेडच्या बाजूने होता. पण तो आढावा थर आणि हिरड्यांचा आहे, किडीचा नाही. कीड थांबते ती दोन वेळा घासल्याने, रात्री घासल्यावर दूध-बिस्किट न दिल्याने आणि फ्लोराइडच्या पेस्टने. म्हणून घरात साधा ब्रश नीट फिरवणारा धडधाकट हात असेल, मूल तोंड उघडत असेल, तर साध्या मऊ ब्रशवरच समाधान माना. तीन वर्षांखालच्या मुलाला तर साधाच. इलेक्ट्रिकची घाई नको.

पेस्टचं माप मात्र दोन्हीकडे सारखं. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांना वाटाण्याएवढी. जाहिरातीतल्यासारखी पूर्ण ब्रशभर नाही. गोल हेड लहान असल्याने पेस्ट आपोआप कमी लागते, हा आणखी एक फायदा. ट्यूबच्या मागे फ्लोराइडचा आकडा बघा. आपल्याकडे पेस्टमध्ये कमाल १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) चालतं, आणि मुलांच्या काही गोड जेलमध्ये फ्लोराइड नसतंच. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या लोकांनी पेस्ट डॉक्टरांना विचारून ठरवावी. घासून झाल्यावर थुंकायचं आणि बस. खळखळून चुळा भरल्या की दातावर राहायला हवं ते फ्लोराइड धुऊन जातं.

सहा-सात वर्षांची मुलं असणाऱ्यांसाठी आणखी एक. नातीचा खालचा पुढचा दात सध्या हलतोय. फिरतं हेड लागलं की तिला कळ येते, म्हणून तेवढ्या दातापुरता मी साधा मऊ ब्रश हाताशी ठेवलाय. हलतो म्हणून तो दात सोडून देऊ नका, त्याच्या भोवतीच अन्न जास्त अडकतं. पडला की जखम भरेपर्यंत त्या जागेवरून ब्रश नेऊ नका, बाकीचे दात मात्र त्याच रात्री घासून द्या.